चोवीस अध्याय आणि एक वारसनोंद

२०२४च्या डिसेंबरात मी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला घेतलं. पहिल्यांदाच. वय ४३, जन्म ख्रिस्ती घरातला, संडे स्कूलच्या पाठांतराची बक्षिसं अजून आईच्या ट्रंकेत आहेत, आणि तरी पहिल्यांदाच. सांगताना लाज वाटते. पण आमच्याकडं वाचायचं खातं आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, होतं. १ डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत जेवणं उरकली की आप्पा सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसायचे, खुर्ची दिव्याखाली ओढायचे आणि रोज एक अध्याय मोठ्यानं वाचायचे. आम्ही ऐकायचो. मी तर निम्मं ऐकायचे, आणि उरलेला वेळ उद्या डब्याला काय करायचं याचा विचार.

आप्पा ९ ऑगस्टला गेले.

२४ नोव्हेंबरच्या रविवारी उपासना संपताना पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की पुढच्या रविवारपासून आगमनकाळ सुरू. घरी येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "यंदा कोण वाचणार?" कोल्हापुरात आम्ही बायका घरात 'मी जातो, मी येतो' असंच बोलतो, तर मी म्हणालो, "मी वाचतो की." बोलून गेले आणि पोटात गोळा आला. वाचता येत नाही असं नाही. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते, दिवसभर आकडे आणि नावं वाचतच असते. पण त्या खुर्चीत बसायचं होतं.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि मधले दिवस. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला. त्यामुळं दरवर्षी दिवस बदलतात, कधी २२ भरतात, कधी २८. २०२३मध्ये ३ डिसेंबरला सुरू झाला आणि चौथा रविवार थेट २४ तारखेलाच आला. २०२४मध्ये मात्र १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणजे बरोबर २४ दिवस. लूकचे अध्यायही २४. आप्पा हा हिशेब बघायचे नाहीत. रविवार कधीही येवो, ते १ तारखेलाच सुरू करायचे. तारीख तोच अध्याय, कुठं खूण घालायला नको. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी हीच पद्धत सांगेन.

दुसरी पद्धत चर्चच्या नेमलेल्या पाठांची आहे. ते पाठ तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात आणि या आगमनकाळापासून लूकचं वर्ष सुरू होत होतं. म्हणजे रविवारी चर्चमध्येही लूक आणि रात्री घरातही लूक. मला ते सोपं गेलं. रविवारी ऐकलेलं रात्री वाचताना ओळखीचं लागायचं.

तयारी फार नव्हती. आप्पांच्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, अक्षरं बारीक आणि कागद पिवळे, पण वाचायचं त्यातूनच, हे आईनं ठरवून टाकलं होतं. पर्समध्ये ठेवायला मी ८० रुपयांचा खिशातला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, घेतला. तो का लागला ते पुढं येईल. चार मेणबत्त्या हव्या होत्या. रीत तीन जांभळ्या आणि एका गुलाबी मेणबत्तीची, पण तशा काही मिळाल्या नाहीत. साध्या पांढऱ्या चार ६० रुपयांना घेतल्या आणि महाद्वार रोडवर २० रुपयांची रिबीन घेऊन त्यांच्या कमरेला बांधली. आता त्या ताटात उभ्या राहीनात. घरात अडतीवरचा नमुन्याचा एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, होता. म्हटलं, कोल्हापूरचं आगमन कोल्हापुरी थाटात होऊ दे, आणि गुळातच चार भोकं पाडून मेणबत्त्या रोवल्या. दिसायला झकास. तिसऱ्या दिवशी सकाळी ताटापासून मोरीपर्यंत मुंग्यांची रांग. मग वाळू भरलेलं दुधाचं जुनं पातेलं आलं, ते शेवटपर्यंत टिकलं.

१ डिसेंबर. पहिल्या अध्यायाला ८० ओव्या आहेत. ओव्या म्हणजे वचनं, आई ओव्याच म्हणते. एका बसणीत वाचायला मला वीस मिनिटांच्या वर लागली, आणि मध्ये दोनदा घसा कोरडा पडला. पहिल्या दिवशी तरी निम्मा सकाळी आणि निम्मा रात्री असा वाटून घ्या. हा अध्याय मोठा आहे हे ठाऊक नसेल तर पहिल्याच रात्री वाटतं, आपल्याच्यानं हे होणार नाही.

पान उघडलं आणि आधी दिसल्या त्या समासातल्या तारखा. पेन्सिलीनं, बारीक. १/१२/८७. खाली १/१२/८८. मग पुढची वर्षं, जागा संपली तशी उभी ओळ आडवी झालेली. आप्पा वाचून झाल्यावर काहीतरी टिपतात हे आम्हाला दिसायचं, पण मला वाटायचं अर्थ वगैरे लिहीत असतील. नुसत्या तारखा होत्या. मी पुढं चाळलं. प्रत्येक अध्यायाला आहेत, पण प्रत्येक वर्षी नाहीत. ९१ साल सातव्या अध्यायावर थांबलंय. २००३ला मधले चार दिवस गायब. म्हणजे आप्पांचंही राहायचं! मला एवढं हलकं वाटलं, की मी आईला हाक मारून ते दाखवलं. ती म्हणाली, "मग? नोकरी होती, तुम्ही दोघं लहान होता, ताप येत होता."

त्या अध्यायात जखऱ्या नावाचा म्हातारा याजक आहे. म्हातारपणी मूल होणार यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि मूल जन्मेपर्यंत त्याची वाचा जाते. बाळाचं नाव ठेवायला नातेवाईक जमतात, बापाचंच नाव ठेवायला निघतात. आई म्हणते, योहान ठेवायचं. नातेवाईक म्हणतात, तुमच्या कुळात या नावाचं कोण आहे? शेवटी बाप पाटी मागवतो आणि त्यावर लिहितो, ह्याचं नाव योहान आहे.

आप्पांचं नाव योहान. आईनं नुसती मान हलवली, मी पुढं वाचत राहिले. दुसऱ्याच दिवशी हे नाव मला सरकारी टेबलापुढं उभं करणार होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

घर आप्पा आणि धाकटे काका यांच्या नावावर. आप्पांच्या हिश्श्याला वारस लावायचे म्हणून मी २७ नोव्हेंबरला मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, ऑनलाइन काढली होती, १३५ रुपये भरून. २ डिसेंबरला सोमवारी अडतीवरून अर्धा दिवस सुट्टी काढून कागद घेऊन सरकारी कार्यालयात गेले. मृत्यूचा दाखला, तिघा वारसांची आधार कार्डं, पत्रिका. टेबलामागच्या साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पेनानं दाखवलं. पत्रिकेवर योहान. आधारवर जॉन, आणि आधारवरून दाखल्यावरही जॉन. "मॅडम, ही दोन माणसं झाली." आधार काढताना फॉर्म मीच भरला होता. जॉन बरं दिसतं, म्हणून. चूक सरळ माझी.

आता काय काय लागेल ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि नावाचा एखादा जुना पुरावा. बाहेर बाकावर बसून मी तो कागद वाचला, मग पर्समधला नवा करार काढला. दुसरा अध्याय. कैसराची आज्ञा झाली, की सगळ्या जगाची नावनिशी लिहिली जावी, आणि सगळे आपापल्या गावी नावनिशीला निघाले. नाताळच्या नाटकात मी तीन वर्षं मरीया झाले होते. आठवतो तो गोठा, मेंढपाळ, देवदूताचे पुठ्ठ्याचे पंख. सगळी धावपळ मुळात एका सरकारी नोंदीसाठी होती, हे त्या बाकावर बसेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. दिवस भरलेली बाई आणि तिला नोंदीला न्यायचं! आमच्यावर आलेली वेळ त्यामानानं किरकोळ.

३ तारखेला स्टॅम्प. शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबरपासून चालत नाही, पाचशेचाच घ्या, असं विक्रेत्यानं तेव्हा सांगितलं. दोन प्रतिज्ञापत्रं म्हणजे हजार. टायपिंग करणाऱ्या बाईंनी सुचवलं, वंशावळ आणि 'एकच व्यक्ती' हे दोन्ही एकाच प्रतिज्ञापत्रात बसतं का विचारून या. मी परत जाऊन विचारलं, चालेल म्हणाले. आमच्या बाबतीत पाचशे वाचले. तुम्हीही टाइप करण्याआधी टेबलावर विचारून घ्या. टायपिंगचे २००, नोटरीचे ३००.

रात्री तिसरा अध्याय. त्याची सुरुवातच कोण कुठं राज्य करत होतं या यादीनं होते. तिबेर्य कैसराचं पंधरावं वर्ष, यहूदीयात पिलात, गालीलात हेरोद. आमच्याकडं विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागून गेला होता आणि मुख्यमंत्री कोण यावर अडतीवर दिवसभर पैजा चालल्या होत्या. तो शपथविधी ५ तारखेला झाला. अध्यायाचा शेवट मात्र वंशावळीचा. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका, थेट आदामापर्यंत. लहानपणी आप्पा ही यादी वाचायला लागले की भाऊ आणि मी एकमेकांना चिमटे काढायचो. त्या दिवशी दुपारीच मी आजोबा, त्यांचे दोन मुलगे, एक मुलगी, आणि आमची पिढी अशी झाडासारखी रेघारेघांची वंशावळ टाइप करून घेतली होती, आणि आत्याच्या नावाची वेलांटी तीनदा दुरुस्त केली होती. त्यामुळं ही यादी मी एकही नाव न गाळता वाचली. भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. तो म्हणाला, "ताई, नोटरी केलंस का याचं?"

कॉलचं म्हणाल तर साडेआठची वेळ ठरवली होती आणि ती पाळणं वाचण्यापेक्षा अवघड गेलं. भावाची मीटिंग, माझा उशीर, नेटवर्क. भाचा सहा वर्षांचा, त्याचा रोज एकच प्रश्न, "अजून किती दिवस?" त्यावरून आठवलं. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, की १८३९ साली जर्मनीत हॅम्बर्गला अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या योहान विखर्न यांना मुलं रोज हेच विचारून भंडावायची. म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान, की बघा आणि तुम्हीच मोजा. चार मेणबत्त्यांची रीत तिथून आली. आई हळूच म्हणाली होती, "हाही योहानच."

४ डिसेंबर, बुधवार. जुना पुरावा कुठून आणायचा? आप्पांच्या शाळेचा दाखला पुरात भिजून गेलेला. तेव्हा बाप्तिस्म्याचं रजिस्टर आठवलं. चर्चच्या ऑफिसात अर्ज दिला, त्यात वर्ष आणि आजोबांचं नाव लिहिलं. वर्ष माहीत असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर रजिस्टरं चाळत दिवस जातो, म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून जा. कपाटातून लांबडं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर निघालं. १९५१चं पान. शाई तपकिरी पडलेली, अक्षर वळणदार, प्रत्येक र ला शेपूट. आजोबांचं नाव, आजीचं नाव, आणि मुलाच्या रकान्यात एकच शब्द, योहान. मी त्यावर बोट ठेवलं. बोट ठेवायचं कारण नव्हतं, ऑफिसातले दादा उतारा लिहीतच होते. पाळकसाहेबांची सही आणि शिक्का घेतला, दानपेटीत १०० रुपये टाकले. फी अशी काही नव्हती.

५ तारखेला अर्ज दाखल झाला. आवक क्रमांक घातलेली पोच घ्या आणि तिचा फोटो लगेच घरच्यांना पाठवून ठेवा, मूळ पोच माझ्याकडून दोनदा हरवता हरवता वाचली. त्या दिवशी टेबलाला गर्दी होती. रांगेत उभ्या उभ्या पाचवा अध्याय वाचला. पक्षघाताचा माणूस, गर्दीमुळं आत नेता येईना, तर त्याला आणणाऱ्यांनी छपरावर चढून कौलं काढली आणि त्याला वरून खाली सोडला. मी वर बघितलं. स्लॅब होता.

नोटीस ९ डिसेंबरला निघाली. हरकत घ्यायला पंधरा दिवस. ९ आणि पंधरा किती, ते मी नोटीस हातात धरूनच मोजलं. २४.

मधल्या काही अध्यायांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सहा, सात, आठ वाचले, समासात तारखा घातल्या, झोपले. रोज काही हाती लागलंच पाहिजे असं धरून बसाल तर चौथ्या दिवशी सोडून द्याल. एक सांगते, फोनवर वाचू नका. रांगेत मी दोन दिवस तसं करून बघितलं, अध्यायाच्या मध्ये भावाचा मेसेज, अडतीचा मेसेज, मग पंधरा मिनिटं भलतंच. कागदाचं पुस्तक चांगलं.

९ आणि १० तारखेला गाडी रुळावरून घसरली. डिसेंबर म्हणजे गुळाचा भर हंगाम. सौदे झाले, की त्या त्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, त्याच दिवशी निघाली पाहिजे. हमाली, तोलाई वजा करून, चूक न होता. ९ला घरी यायला साडेनऊ झाले, नववा अध्याय ६२ ओव्यांचा, तो चाळिसाव्या ओवीला पेंगत सोडला. १०ला तर पुस्तक उघडलंच नाही. नंतर बघितलं तर दहाव्या अध्यायात मार्था आणि मरीया. मार्था कामात गुंतलेली, बहीण येशूच्या पायाशी बसून ऐकतेय. नेमका तोच राहावा!

११ला मी तिन्ही एकदम वाचायला बसले. नवव्याचा उरलेला, दहावा पूर्ण, मग अकरावा. आईनं पुस्तकावर हात ठेवला. "शिळं खायला बसलास होय? आजचं वाच." मी म्हणालो, "अगं पण राहिलं तर यादी अपुरी." "यादी कोण तपासतंय?" हिशेबनीस माणसाला हे पटणं अवघड. पण वाचला अकरावाच, आणि त्यात सुरुवातीलाच, आमची रोजची भाकर रोज आम्हांला दे. आईनं 'बघ' म्हटलं नाही, पण उठून स्वयंपाकघरात जाताना तिची चाल मला कळली. आप्पांच्या पुस्तकात दहाव्या अध्यायाला २४ साल नाही. तसंच ठेवलंय.

१२ तारीख. बाराव्या अध्यायाच्या समासात १२/१२/९८ आहे, आणि ९८ची पुढं एकही तारीख नाही. तेरावा कोरा, चौदावा कोरा, शेवटपर्यंत. ९९ पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी वाचता वाचता मधल्या ओवीशी आले, गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, मला माझ्या वतनाचा वाटा देण्यास माझ्या भावाला सांगा. आणि येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं?

मी थांबले. आईकडं बघितलं. ती वाळूतली मेणबत्ती सरळ करत होती. म्हणाली, "त्या वर्षी घरावरून दोघांचं वाजलं होतं. त्या रात्री वाचता वाचता ह्यांनी पुस्तक मिटलं. त्या नाताळाला करंज्याबी झाल्या न्हाईत." मी तेव्हा सतरा वर्षांची होते. करंज्या न झाल्याचं आठवतं, कारण आज कळलं. पुढं आप्पांचं आणि काकांचं जुळलं, दोघांची नावं पत्रिकेवर आली, येणं-जाणं होतं. पण जेवढ्यास तेवढं.

१४ला दत्तजयंती. शेजारचे सगळे नृसिंहवाडीला गेले होते, रात्री प्रसादाचा पुडा देऊन गेले, आणि चौदाव्या अध्यायात मेजवानीला बोलावलेले लोक सबबी सांगत होते. १६च्या रात्री मात्र मी खरंच चिडले. सोळाव्या अध्यायातला बेईमान कारभारी कुळांना बोलावतो आणि शंभर मण तेलाचे पन्नास लिहायला लावतो, शंभर खंड्या गव्हाच्या ऐंशी. आणि धनी त्याला शहाणा म्हणतो! आमच्या अडतीवर असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी घरी असते. पाळकसाहेबांना रविवारी विचारलं, त्यांनी समजावून सांगितलं. मला पूर्ण पटलेलं नाही.

१८ डिसेंबर, बुधवार. वारसांचे आणि साक्षीदाराचे जबाब द्यायचे होते. भावाला रजा मिळेना, त्याचा जबाब पुढच्या आठवड्यावर गेला. साक्षीदार म्हणून काकांना विचारायचं होतं, त्यासाठी मी दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून देत होते. शेवटी आईनंच केला. ते "किती वाजता?" एवढंच म्हणाले आणि पावणेदहाला आमच्या आधी येऊन उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

बाक तिघांना पुरेल एवढा. आई मध्ये. नंबर यायला दीड तास लागणार होता. आई म्हणाली, "आजचं इथंच वाच की, हळू." मी पर्समधलं पुस्तक काढलं. अठरावा अध्याय. एका गावात एक न्यायाधीश होता, तो देवाला भीत नसे आणि माणसांना जुमानत नसे. त्याच गावात एक विधवा होती आणि ती त्याच्याकडं सारखी येऊन न्याय मागायची. मी आवाज आणखी खाली घेतला, आजूबाजूला लोक. आईच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "म्हंजे मीच की ही," म्हणाली. मग लगेच, "पर इथला सायेब बरा हाय गं, मघाशी पाणी विचारलं त्यानं." काका दुसरीकडं बघत होते, पण मिशीत हसत होते. माझं वाचन तिथंच थांबलं.

जबाब झाले. काकांना 'मयताचे कोण?' विचारलं, ते "भाऊ" म्हणाले. लिहिणाऱ्यानं "सख्खे?" विचारलं. "सख्खे."

चहाला घरी आले. टेबलावर आप्पांचं शास्त्र उघडंच होतं, दोरी अठराव्यावर. काकांनी चष्मा काढला, लावला, समासातल्या तारखांवरून नजर फिरवली. पानं उलटून मागं गेले तर बारावा येणार होता. माझा जीव वर-खाली. त्यांनी पान उलटलं नाही. म्हणाले, "दादा लिहून ठेवायचा होय." आणि खुर्ची दिव्याखाली ओढली. संध्याकाळचे पाचच वाजले होते, दिव्याची गरज नव्हती. अठरावा अध्याय त्यांनी वाचला, पहिल्यापासून. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायची सवय हुबेहूब आप्पांची. आई आत गेली ती अध्याय संपल्यावरच बाहेर आली. त्या दिवसाची तारीख समासात काकांच्या अक्षरात आहे.

शेवटचे दिवस विचित्र गेले. नाताळ जवळ येतो तसा लूक वधस्तंभाकडं सरकतो. २२ला बाविसावा अध्याय, ७१ ओव्या, शेवटचं भोजन आणि अटक. २३ला सोमवारी रात्री स्वयंपाकघरात करंज्या. आई लाटतेय, मी सारण भरून कातणीनं कडा कापतेय, आणि वाचणार कोण? शेवटी भावानं तिकडून फोनवर वाचायला घेतलं, फोन मी खोबऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवला. तेलात करंजी फुलतेय आणि फोनमधून खिळे ठोकल्याचं वाचन चाललंय. तो मध्येच म्हणाला, "ताई, हे आत्ता वाचायचं का? नाताळ आहे." मलाही तसंच वाटत होतं. आई झाऱ्यानं करंजी उलटवत म्हणाली, "हे दर वर्षी आत्ताच वाचत होते की. तुम्ही ऐकत नव्हता."

खरंच नव्हतो. चोवीस वर्षं तरी मी या घरात तेविसाव्या अध्यायाच्या रात्री करंज्या खाल्ल्या असतील. नाताळाच्या आधी हे जड वाटत असेल, लहान मुलं असतील, तर पहिले दोनच अध्याय घ्या आणि चोवीस दिवसांत थोडे थोडे वाटा. त्यात काही कमी नाही. भाच्यासाठी पुढच्या वर्षी आम्ही तसंच करणार आहोत.

२४ला दुपारी बेकरीच्या भट्टीतून केक आणला. रात्रीच्या उपासनेआधी, साडी नेसून तयार झाल्यावर, चारी मेणबत्त्या लावून चोविसावा वाचला. दोन माणसं अम्माऊस गावाच्या वाटेनं चाललीत, गेलेल्या माणसाबद्दल बोलत, आणि बरोबर चालणाऱ्याला ओळखत नाहीत. रात्र व्हायला आली, आमच्याकडं राहा म्हणतात. तो भाकर मोडतो तेव्हा ओळखतात. या अध्यायाला माझा आवाज लागला नाही, दोन ठिकाणी आईनं पुढचं वाक्य पाठ म्हटलं. शेवटी समासात लिहिलं, २४/१२/२४. पेन्सिल आप्पांचीच, बोटभर उरलेली. उपासनेला दहा मिनिटं उशीर झाला.

हरकतीची मुदत त्याच दिवशी संपली. हरकत कोणाची आली नाही. २५ला सुट्टी, २६ला भाऊ आलेलाच होता, त्याचा जबाब झाला. मग नुसती वाट. फोन करत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ऑनलाइन बघा. वारसनोंदीला सगळं मिळून, रिक्षा सोडून, बाराशेच्या आसपास गेले, आणि नवी पत्रिका काढायचे पुन्हा १३५. ती १६ जानेवारीला मिळाली. आई, मी, भाऊ, तिघांची नावं, आणि खालच्या नोंदीत 'मयत योहान ऊर्फ जॉन'.

आईनं चष्मा लावून आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग, म्हणजे काना-मात्रा, तपासलं. मग खालची ओळ वाचली. "ऊर्फ," म्हणाली, "चोर-दरोडेखोराला लावत्यात तसं." मी विचारलं, पत्रिका आप्पांच्या शास्त्रात ठेवू का?

"ट्रंकेत ठेव. शास्त्रात कागद कोंबले की शिवण सुटती."